आधीच फ्यूजन झालंय आणि आता वरच्या लेव्हलला स्टेनोसिस निघालाय : कुठलं ऑपरेशन, कसं ठरवायचं

कंबरेत स्क्रू-रॉड बसवून झाले, मधली काही वर्षं बरी गेली, आणि आता परत चालायला लागलं की मांड्या-पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात, जरा टेकलं की मोकळं वाटतं. नवीन एमआरआय काढला तर त्यात जुन्या फ्यूजनच्या (स्क्रूने जोडलेल्या मणक्यांच्या) लगतच्या लेव्हलला स्टेनोसिस, म्हणजे मणक्यातली नसांची नळी अरुंद झालेली. मग एक सर्जन म्हणतात नुसतं डिकम्प्रेशन करू, म्हणजे दबलेली नस मोकळी करू, दुसरे म्हणतात स्क्रू वर वाढवायला लागणार, तिसरे म्हणतात बाजूने जाऊन केज टाकू, म्हणजे झिजलेल्या गादीच्या जागी ठोकळा, आणि नात्यातलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की अहो दुर्बिणीने होतं हल्ली, दुसऱ्या दिवशी घरी. माझ्या आईच्या बाबतीत आमच्या घरात हेच चाललं होतं. मी डॉक्टर नाही, आईची फाईल काखेत मारून परळ ते अंधेरी फिरलेला मुलगा आहे, आणि त्यात जे समजलं ते क्रमाने लिहितोय. निर्णय तुमच्या सर्जनबरोबर बसूनच घ्यायचाय, पण समोर काय बोललं जातंय ते कळलं तर बोलणं तरी नीट होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ऑपरेशनच्या नावापासून सुरुवात करू नका. टीलिफ, ओलिफ, यूबीई ही नावं नंतर. आधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत : नस नेमकी कुठे दबतेय, ती लेव्हल हलतेय का, आणि माणूस उभा राहिल्यावर एकूण पाठीचा बाक कसा आहे. ही तीन उत्तरं वेगळी आली की ऑपरेशन वेगळं निघतं, म्हणूनच शेजारच्या काकूंचं ऑपरेशन मस्त झालं याचा तुमच्या मणक्याशी फारसा संबंध नसतो.

आधी हे परत होतं कशामुळे

फ्यूजन म्हणजे दोन किंवा जास्त मणके एकत्र जोडून टाकणं. समजा एल४-एल५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) जोडला, तर तिथली हालचाल बंद झाली, पण वाकणं-वळणं काही माणूस सोडत नाही, ते मग वरच्या एल३-एल४ ला जास्त करावं लागतं. लोकलचा एक दरवाजा बंद पडला की सगळी गर्दी शेजारच्या दरवाज्यावर येते ना, तसं. वर्षानुवर्षं असं चाललं की तिथली गादी झिजते, मागचे छोटे सांधे सुजून जाड होतात, नळीच्या मागच्या बाजूचं लिगामेंट फुगतं, कधी मणका थोडा पुढे सरकतो, आणि नसांची जागा कमी होते. याला ॲडजेसंट सेगमेंट डिसीज म्हणतात, फाईलवर बऱ्याचदा नुसतं एएसडी लिहितात. वयानुसार झीज होणारच होती तीही यात असते, सगळा दोष स्क्रूंचा नसतो. २००४ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात लगतच्या लेव्हलसाठी परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ५ वर्षांत साधारण १६.५ टक्के आणि १० वर्षांत ३६ टक्के असा अंदाज निघाला होता. बाकी अभ्यासांत आकडे कमी-जास्त आहेत, पण म्हणजे हे तुमच्याच नशिबी आलेलं काही विचित्र नाही, आणि पहिल्या सर्जनने गडबड केली असाही त्याचा सरळ अर्थ होत नाही.

पण प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही, आणि इथेच खूप जणांची गाडी चुकीच्या फाट्याला लागते. जुनं फ्यूजन मुळात जुळलंच नसेल, स्क्रू सैल झाला असेल, जुन्या लेव्हललाच हाड वाढून नस दबत असेल, जुन्या जखमेचा चट्टा नसेभोवती आवळला असेल, किंवा पहिल्या वेळी कंबर सपाट स्थितीत जोडली गेली असेल तर माणूस पुढे झुकून चालायला लागतो. या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. शिवाय त्रास मणक्याचा नसून कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि ओटीपोटाचं हाड यांच्या मधल्या एसआय सांध्याचा, खुब्याचा किंवा पायातल्या रक्तवाहिन्यांचा असू शकतो.

पहिली पायरी : त्रास कागदावर उतरवा

सर्जनसमोर बसलं की पाच-दहा मिनिटं मिळतात आणि आपली माणसं सुरुवात करतात २०११ पासून. त्यापेक्षा घरीच एका कागदावर लिहून ठेवा. पायाचा त्रास किती आणि कंबरेचा किती, हे शंभरात वाटून सांगा, म्हणजे पाय ८०, कंबर २० असं. हे साधं वाटतं पण डिकम्प्रेशनने पाय सुधारतो, कंबरेची खात्री तेवढी देता येत नाही, त्यामुळे हा आकडा फार कामाचा आहे. किती चाललं की थांबावं लागतं तेही लिहा, आणि मीटरमध्ये सांगता येत नसेल तर आपल्या भाषेत लिहा, घर ते रिक्षा स्टँड, स्टेशनच्या पुलाचा एक जिना, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किती वेळा बसायला लागतं.

मग हे बघा की आराम कशाने पडतो. स्टेनोसिसमध्ये बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, कारण वाकल्यावर नळी थोडी मोकळी होते. म्हणून डीमार्टमध्ये ट्रॉलीवर रेलून माणूस अख्खा मजला फिरतो आणि बाहेर येऊन शंभर पावलं चालवत नाही, सायकल चालते पण चालणं नाही. याउलट नुसतं उभं राहून पोटरीचा गोळा जात असेल, बसायची गरज पडत नसेल, तर पायाच्या रक्तपुरवठ्याकडे बघायला हवं. डायबेटिस आणि तंबाखू दोन्ही असेल तर पायाची नाडी तपासून घ्याच, गरज वाटली तर डॉक्टर डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) सांगतील.

आणि हे मात्र लिहीत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीला जायचं : लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी व्हायला लागली. याला कॉडा इक्वायना म्हणतात, यात तासांचा हिशेब असतो, सोमवारची ओपीडी नाही. पाऊल अचानक लुळं पडून चप्पल निसटायला लागली तरीसुद्धा त्याच दिवशी दाखवा.

जुनी फाईल बाहेर काढा

डिस्चार्ज कार्ड असतंच सगळ्यांकडे, पण खरं कामाचं आहे ते ऑपरेशन नोट्स आणि इम्प्लांटचे स्टिकर. कुठल्या कंपनीची स्क्रू सिस्टिम, कुठला साईज, टायटॅनियम की काय, हे त्यावर असतं. का हवं, तर जुने स्क्रू काढायचे किंवा जुन्या रॉडला नवीन जोडायचा तर त्या सिस्टिमचा स्क्रूड्रायव्हर लागतो, तो आधी मागवून ठेवला नाही तर टेबलवर खोळंबा होतो. सापडत नसेल तर जुन्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. ऑपरेशन आधीचे आणि नंतरचे एक्स-रे असतील तर तेही ठेवा. बाक आणि मणक्यांची ठेवण तेव्हा कशी होती आणि आता किती बदल झाला हे त्यावरूनच कळतं.

तपासण्या, आणि त्या नेमक्या कशासाठी

एमआरआय तर होतोच. टायटॅनियमचे स्क्रू असताना एमआरआय साधारणपणे सुरक्षित असतो पण चित्रावर धातूची सावली पडते आणि नेमकी स्क्रूजवळची जागा धूसर दिसते. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की आत स्क्रू आहेत, धातूची सावली कमी करणारे सिक्वेन्स वापरा. इथे ३ टेस्ला म्हणजे जास्त भारी असा हिशेब चालत नाही, धातू असेल तर १.५ टेस्लावर सावली उलट कमी येते. जुन्याच लेव्हलला ऑपरेशन झालेलं असेल आणि चट्टा की परत सरकलेली गादी हा प्रश्न असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन काढतात, त्याआधी किडनीचा रिपोर्ट बघतात.

पण माझ्या मते या सगळ्यात सर्वात दुर्लक्षित तपासणी म्हणजे साधा उभ्याने काढलेला एक्स-रे. एमआरआय आडवं झोपवून काढतात, बरेचदा गुडघ्याखाली उशी देऊन, आणि तुमचा त्रास असतो उभं राहिल्यावर! झोपल्यावर जागच्या जागी बसलेला मणका उभं राहिल्यावर आणि पुढे वाकल्यावर सरकतो, तो झोपलेल्या एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन एक्स-रे काढतात, त्यात सरकणं साधारण ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त बदललं तर ती लेव्हल अस्थिर धरतात. कुणी हे एक्स-रे न बघता नुसतं डिकम्प्रेशन किंवा नुसतं फ्यूजन सांगितलं, तर विनम्रपणे विचारा की सर, डायनॅमिक एक्स-रे काढूया का.

त्यापुढे मानेपासून खुब्यापर्यंतचा पूर्ण उभा एक्स-रे, याला स्कोलिओसिस फिल्मही म्हणतात. यावर कंबरेचा बाक तुमच्या ओटीपोटाच्या हाडाच्या ठेवणीला शोभतो का हे मोजतात. दोन कोन असतात, पेल्व्हिक इन्सिडन्स आणि लम्बर लॉर्डोसिस, त्यांच्यातला फरक साधारण १० अंशांच्या आत असावा असा संकेत आहे, म्हाताऱ्या माणसांत थोडी सूट देतात. जुनं फ्यूजन सपाट झालं असेल तर वरच्या लेव्हलवर कायमचा ताण येत राहतो, आणि मग नुसती नस मोकळी करून भागत नाही.

सीटी स्कॅन दोन गोष्टींसाठी : जुनं हाड खरंच जुळलंय का, आणि स्क्रूभोवती काळी कडा आहे का, म्हणजे स्क्रू सैल आहे का. एमआरआय धातूमुळे अगदीच वाचता येत नसेल किंवा पेसमेकरमुळे काढता येत नसेल तर सीटी मायलोग्राम करतात, पाठीत डाय सोडून. नसा आणि स्नायूंची विजेवरची तपासणी, ईएमजी-एनसीव्ही, सगळ्यांना लागत नाही, डायबेटिसमुळे पाय बधिर की मणक्यामुळे असा घोळ असेल तर उपयोगी पडते. आणि फ्यूजनचा विषय निघालाच तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. हाडं ठिसूळ असतील, म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली, तर स्क्रू धरणार कशात?

ऑपरेशन आत्ताच लागतंय का

ताकद जात नसेल आणि लघवीचा प्रश्न नसेल तर बहुतेकांकडे विचार करायला वेळ असतो. फिजिओथेरपी, वजन, पुढे वाकून करता येणारे व्यायाम, स्थिर सायकल. प्रिगाबालिन, गॅबापेन्टिनसारख्या गोळ्या काहींना लागू पडतात, पण वयस्कर माणसाला त्याने झापड येते आणि रात्री बाथरूमला जाताना पडण्याची भीती असते, लक्ष ठेवा. एपिड्युरल इंजेक्शनने काही आठवडे-महिने आराम मिळू शकतो, नळी त्याने मोठी होत नाही. नेमक्या एका नसेला दिलेलं ब्लॉक इंजेक्शन मात्र तपासणी म्हणूनही उपयोगी आहे, त्या नसेला बधिर केल्यावर नेहमीचं दुखणं तेवढ्या वेळापुरतं गेलं तर दोषी नस कुठली याला दुजोरा मिळतो. दोन-तीन लेव्हल खराब दिसत असताना हे फारच कामाचं, कारण एमआरआयवर खराब दिसणारी प्रत्येक लेव्हल दुखतेच असं नसतं.

चालणं घरापुरतंच उरलं, पाय कमजोर व्हायला लागला, झोप उडाली, आणि वर लिहिलेलं सगळं करून झालंय, तर मग पुढचं वाचा.

आता पर्याय, एकेक करून

नुसतं डिकम्प्रेशन. मागून जाऊन लिगामेंट आणि थोडं हाड काढून नस मोकळी करायची, नवीन स्क्रू नाहीत. हे मायक्रोस्कोपने होतं, ट्यूबमधून होतं, आणि आता दुर्बिणीनेही, एक भोक किंवा दोन भोकं पाडून, दोन भोकांच्या पद्धतीला यूबीई म्हणतात. ज्याचा त्रास मुख्यतः पायाचा आहे, लेव्हल स्थिर आहे, बाक ठीक आहे, त्याला हा पहिला विचार. रक्त कमी जातं, मुक्काम कमी, ऐंशीच्या घरातल्या आजींना झेपण्यासारखं. तोटा असा की ही लेव्हल आधीच जोडलेल्या कडक भागाच्या शेजारी आहे, तिच्यावर ताण जास्त, त्यात मागच्या सांध्याचं हाड जास्त कोरलं गेलं तर ती पुढे सरकू शकते आणि मग फ्यूजन करावंच लागतं. म्हणून विचारा की सांधा किती ठेवणार आहात. साधारण अर्ध्यापेक्षा जास्त वाचवायचा असतो. आणि जाहिरातीतल्या 'लेझरने मणक्याचं ऑपरेशन'बद्दल : जाड झालेलं हाड आणि लिगामेंट दाबत असताना गादीत लेझर मारून ते मोकळं होत नाही, बाकी तुमची मर्जी.

डिकम्प्रेशन आणि फ्यूजन वर वाढवणं. जुन्या चिरेतूनच किंवा बाजूच्या छोट्या चिरांमधून जाऊन नस मोकळी करायची, गादीच्या जागी केज, वर नवीन स्क्रू आणि जुन्या रॉडला जोड. मागून केज टाकायच्या पद्धती म्हणजे टीलिफ आणि पीलिफ. लेव्हल हलत असेल, मणका सरकलेला असेल, कंबरही जोरात दुखत असेल, किंवा नस मोकळी करायला सांधा पूर्ण काढावाच लागणार असेल तर हे. जुनं हाड पक्कं जुळलं असेल तर काही वेळा जुना रॉड न काढता त्यालाच कनेक्टर लावून नवीन रॉड जोडतात, त्याने बरीच उलथापालथ वाचते. पण जुन्या चट्ट्यातून जाताना नसांवरचं आवरण चिकटलेलं असतं, ते फाटून पाणी गळण्याचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त. इन्फेक्शनचाही. आणि खरी किंमत वेगळीच आहे, आता जोडलेला भाग अजून लांब झाला, म्हणजे पुढच्या वेळी ताण त्याच्याही वरच्या लेव्हलवर. म्हणून सर्जनला सरळ विचारायचं की आता वर थांबणार कुठे, आणि तीच लेव्हल का. एल२, एल१ पर्यंत चढत गेलात की कंबर आणि छातीचा मणका जिथे मिळतो तो सांधा जवळ येतो, तिथे वर तुटण्या-वाकण्याचा त्रास वेगळा, आणि कधी कधी मग थेट छातीच्या मणक्यापर्यंत जावं लागतं.

बाजूने जाऊन केज, म्हणजे एक्सलिफ किंवा ओलिफ. हा पर्याय आमच्या घरी आधी कुणी ऐकलेलाही नव्हता. कुशीवर झोपवून पोटाच्या बाजूने मणक्यापर्यंत जायचं, झिजलेली गादी काढून उंच आणि रुंद केज बसवायचा. त्याने दोन मणके एकमेकांपासून दूर होतात, फुगलेलं लिगामेंट ताणलं जातं आणि नस न शिवता तिची जागा वाढते, याला इनडायरेक्ट डिकम्प्रेशन म्हणतात. रिव्हिजनच्या, म्हणजे परत ऑपरेशन होणाऱ्या पेशंटसाठी याची मोठी मजा अशी की जुना चट्टा लागतच नाही, आणि बाकही सुधारता येतो. पण मर्यादा नीट ऐका. गादीचा तुकडा तुटून आत पडला असेल, मागचे सांधे हाडाने घट्ट चिकटले असतील, नळी हाडानेच अतिशय अरुंद असेल, तर नुसत्या उंचीने नस मोकळी होत नाही, मागून जावंच लागतं. एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या लेव्हलला, खुब्याच्या वरचं हाड आडवं येतं म्हणून एक्सलिफ तिथे जात नाही, आणि काहींचं ते हाड उंच असतं तर एल४-एल५ सुद्धा अवघड. एक्सलिफ मांडीच्या वरच्या सोआस स्नायूतून जातं, त्यामुळे काही दिवस-आठवडे मांडी बधिर राहू शकते, पाय उचलताना दुर्बल वाटू शकतो, म्हणजे विना-लिफ्ट चौथ्या मजल्यावर राहत असाल तर हे आधी माहीत हवं. ओलिफमध्ये स्नायू आणि मोठ्या रक्तवाहिनीच्या मधल्या फटीतून जातात. बहुतेक वेळा मागून स्क्रूही लावतात, आणि हाडं ठिसूळ असतील तर केज मणक्यात खचू शकतो. पोटाच्या पुढून जाणारं एलिफ मुख्यतः एल५-एस१ साठी, त्यात रक्तवाहिन्या हाताळायला बऱ्याचदा वेगळा सर्जन बरोबर असतो.

काट्यांमध्ये स्पेसर वगैरे. दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये छोटी वस्तू बसवून नळी उघडी ठेवायची. ऐकायला छान. पण फ्यूजनच्या शेजारी, ठिसूळ हाडात, आधीच मागचं हाड काढलेलं असताना याला फार वाव उरत नाही, आणि या प्रकारातली काही उत्पादनं मोठ्या गाजावाजाने येऊन बाजारातून गेलीसुद्धा आहेत. कृत्रिम गादी तर झिजलेले मागचे सांधे आणि स्टेनोसिस असताना सहसा बसवतच नाहीत.

बाक सुधारणारं मोठं ऑपरेशन. जुनं फ्यूजन सपाट आहे, माणूस पुढे झुकलाय, गुडघे वाकवल्याशिवाय सरळ उभं राहता येत नाही, तर हाडाची पाचर कापून कंबर परत बाकदार करतात. एका मणक्याची पाचर काढून साधारण ३० अंश मिळतात. रक्त बरंच जातं, आयसीयू लागतं, गुंतागुंतीचं प्रमाण या सगळ्यांत जास्त. हे रोज करणाऱ्याकडेच करायचं.

आणि नस कुठेच दबलेली नाही, मागचं सगळं जुळलंय, तरी पाय जळतो, तर परत चिरण्याऐवजी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हा पर्याय असतो, आधी तात्पुरता लावून बघतात.

अभ्यास काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

इंटरनेटवर शोधलं की २०१६ चे दोन अभ्यास समोर येतात, दोन्ही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. स्वीडनच्या अभ्यासात २४७ पेशंट होते, डिकम्प्रेशनला फ्यूजन जोडून दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या ६६ पेशंटच्या अभ्यासात, ज्यांचा मणका सरकलेला होता, फ्यूजनवाल्यांना थोडं बरं वाटलं आणि चार वर्षांत परत ऑपरेशन फ्यूजनवाल्यांत १४ टक्के तर नुसत्या डिकम्प्रेशनवाल्यांत ३४ टक्के. मग २०२१ मध्ये नॉर्वेच्या २६७ पेशंटमध्ये सरकलेल्या मणक्यालाही नुसतं डिकम्प्रेशन कमी पडलं नाही. आता हे वाचून कुणी सर्जनशी वाद घालायला निघालं तर थांबा. हे मुख्यतः पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्यांवरचे आहेत. तुमच्या बाबतीत शेजारी आधीच जोडलेला भाग आहे, आणि अशा पेशंटवर एवढ्या मोठ्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नाहीत, बहुतेक माहिती जुन्या फाईली उघडून जमवलेली असते. त्यातून मी घेतलं ते एवढंच, की स्थिर लेव्हलला फ्यूजन आपोआप चांगलं असं धरायचं नाही, आणि सरकणाऱ्या लेव्हलला छोटं ऑपरेशन आपोआप सोपं असंही नाही.

दोन सर्जन, प्रश्न तेच

सेकंड ओपिनियन घेताना पहिल्याने काय सांगितलं ते आधी सांगू नका, फाईल द्या आणि ऐका. मणक्याचं ऑपरेशन ऑर्थोपेडिकवालेही करतात आणि न्यूरोसर्जनही, पाटीपेक्षा हे बघा की रिव्हिजन किती करतात. आणि दोघांना हेच विचारा : माझी नस कुठल्या लेव्हलला दबतेय हे कशावरून? ती लेव्हल हलते का, एक्स-रेवर दाखवाल का? जुनं फ्यूजन जुळलंय का? तुम्ही सांगताय ते सोडून दुसरा पर्याय कुठला आणि तो माझ्यासाठी का नको? पायाचा किती आणि कंबरेचा किती त्रास जाईल? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, "शंभर टक्के" असं उत्तर देणाऱ्याकडून मी तरी आईला उठवून बाहेर आणलं असतं. दोघांचं मत वेगळं आलं तर घाबरू नका, बरेचदा एकाने उभा एक्स-रे बघितलेला असतो आणि दुसऱ्याने नाही.

खर्चाचं

एस्टिमेट मागताना इम्प्लांटची ओळ वेगळी लिहून घ्या, किती स्क्रू, किती केज, कुठली कंपनी. गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये ठरवून दिली, मणक्याच्या स्क्रूंना तसं बंधन आलं नाही, त्यामुळे एकाच ऑपरेशनचे दोन हॉस्पिटलमधले आकडे ऐकून डोळे पांढरे होतात. मेडिक्लेम असेल तर जुनं ऑपरेशन पॉलिसी घेताना लिहिलेलं होतं का बघा, आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. कॅशलेसची पूर्वमंजुरी घेताना इंजेक्शन-फिजिओचे कागद जोडा, नाहीतर टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) विचारतेच की आधी काय इलाज केला.

पालिकेची केईएम, सायन, नायर आणि सरकारी जेजे इथे खर्च खूप कमी, वेटिंग मोठं, आणि हाताखालून जाणाऱ्या केसेस भरपूर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक हॉस्पिटल यादीत नसतं. आणि हे लोकांना माहीतच नसतं : मुंबईतली बरीच मोठी, चकचकीत हॉस्पिटलं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, आणि भरती व्हायच्या आधी भेटा, बिल हातात आल्यावर नाही.

तारीख मिळाली की

शुगर आटोक्यात आणा, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८ च्या पुढे असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात आणि ते बरोबर आहे. निकोटिनने हाड नीट जुळत नाही, त्यामुळे फ्यूजन असेल तर सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद, आणि मिश्री, तपकीर, गुटखा यातही तंबाखूच असतो हे घरातल्या बायकांना आणि काकांना दोघांना सांगा, मिश्रीला कुणी व्यसन समजतच नाही आपल्याकडे. डेक्सा खराब असेल तर हाडं भरायची औषधं आधी सुरू करतात, काही वेळा टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं काही महिने, ऑपरेशन त्यासाठी पुढे गेलं तरी चालेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारून. घरात कमोडची खुर्ची, बाथरूमला धरायचा दांडा, पलंगाची उंची, हे आधीच करून ठेवा, पावसाळ्यात तारीख असेल तर जिन्यातल्या ओल्या पायऱ्यांचाही विचार करा.

नंतर

बहुतेकांना दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. पायाचं दुखणं लवकर कमी होतं, बधिरपणा सावकाश जातो, काही वेळा पूर्ण जातच नाही, आणि कमजोर पाय भरून यायला महिने लागतात. उभं राहिलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की जातं, जखम ओली होते, ताप, एका पोटरीला सूज, नवीन कमजोरी, यातलं काहीही झालं तर लगेच हॉस्पिटलला फोन. हाड जुळायला ६ ते १२ महिने. या काळात दुखण्यावरच्या कुठल्या गोळ्या चालतील ते सर्जनला विचारूनच घ्या, काही जण सूज कमी करणाऱ्या गोळ्या सुरुवातीला टाळतात. वाकणं, खाली मांडी घालून बसणं, भरलेली बादली उचलणं कधी सुरू करायचं हे ऑपरेशनवर अवलंबून, डिस्चार्जच्या वेळी तारखेनिशी लिहून मागा. आणि कामावर जायला परवानगी मिळाली म्हणजे सकाळी साडेआठची फास्ट लोकल नाही, पहिले काही महिने साहेबांशी बोलून गर्दी सोडून निघता येईल अशी वेळ मागून घ्या, नाहीतर घरून काम. दादरला उतरताना मागून बसलेला धक्का कुठल्याच स्क्रूच्या हिशेबात धरलेला नसतो.